सेटल

यॉर्कशायरमध्ये सेटल नावाचं एक गाव आहे.
आई फोनवर विचारायची, कधी होणार गं सेटल?
झाले शेवटी, बावन्नाव्या वर्षी,
एका शनिवारी, चौदाशे पौंड रोख मोजून,
एनिड थ्वेटच्या गॅरेजात.

यामाहा. एकोणऐंशी सालची. अकराशे सीसी.
चार सिलिंडर, चार कार्बोरेटर,
चौकोनी दिवा, म्हशीच्या पाठीसारखी टाकी.
तिचं वजन पावणेतीनशे किलो, माझं अठ्ठावन्न.
स्टँडवरून उतरवली तेव्हा
माझ्या बुटांची टोकं तेवढी जमिनीला लागली.
एनिडबाई दारात हाताची घडी घालून उभ्या.
"ने बाई," म्हणाल्या, "हिने माझं जेवणाचं टेबल खाल्लंय.
बारा हिवाळे क्लिफर्ड तिथे कार्बोरेटर उघडून बसायचा,
आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवायचो.
आणि दुसरा गिअर सुटतो.
विकताना लपवणार नाही."
मागितलं एवढंच:
इंजिनाखाली तेल झेलायला ठेवलेला तो काळा ट्रे
माझा आहे, रविवारचं मटण भाजायचा.
धुऊन आण कधीतरी.

मी लँकेस्टरच्या इस्पितळात एक्स-रे काढते.
श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा,
हे दिवसातून साठ वेळा म्हणते.
त्या हिवाळ्यात घरी येऊन इंजिनालाही तेच म्हणत होते.
पितळेचे इवलेसे जेट, केसाएवढी भोकं,
रात्रभर चिंचेच्या कोळात घातले
आणि सकाळी असे लखलखले
की हात फुलवाती शोधायला लागला.
मग पाऱ्याच्या चार नळ्या लावून
चौघांना एका पातळीत आणायचं.
एकाचा स्क्रू पाव फेरा फिरवला की शेजारचा रुसतो,
त्याची समजूत काढावी तर चौथा हट्टाला पेटतो.
रात्री अकराला चारही पारे एका रेषेत थांबले
आणि आवाज बदलला:
इतका वेळ भांडत होते ते
एकदम एका ताटात जेवायला बसल्यासारखा.

मे महिन्यात कर्कबी लॉन्सडेलला नेली,
सैतानाच्या पुलापाशी, जिथे रविवारी सगळे जमतात.
कावासाकी, सुझुकी, सहा सिलिंडरची एक होंडा,
आणि गुडघे बदललेले त्यांचे मालक.
(त्यातले दोन गुडघे मी आतून पाहिलेत. बोलले नाही.)
एक जण गाडीभोवती फिरला, नंबरप्लेट वाचली.
"ही क्लिफची."
मग माझ्याकडे न बघता,
"दुसरा सुटतो का अजून?"
सुटतो, म्हटलं.
त्याने टाकीवर हात ठेवला
आणि चहा थंड होईपर्यंत उचलला नाही.

तिथून घरी न जाता सेटलची वाट धरली,
मागच्या सीटवर ट्रे बांधलेला.
इंगलटनच्या पुढे चढावर सूर बिघडला.
कडेला थांबले, हातमोजा थुंकीने ओला करून
एकेका पायपाला लावला.
चर्र. चर्र. काहीच नाही. चर्र.
आजाऱ्याच्या कपाळाला हात लावावा तसं,
फक्त इथे ताप नसणं हाच आजार.
प्लगची टोपी ढिली होती. दाबली.
दोन मेंढ्या तोवर चरायच्या थांबल्या होत्या.

बेल वाजवायच्या आत एनिडबाईंनी दार उघडलं.
"टेकडीपलीकडून ऐकलं. दुसऱ्यात जास्त वेळ राहत नाहीस.
तोही नाही राहायचा."
ट्रे उजेडात धरून पाहिला.
चार वेळा घासूनही एक गोल डाग उरलाच होता.
"नवा मी एक्क्याण्णव सालीच आणलाय," म्हणाल्या,
आणि स्वयंपाकघराकडे न जाता गॅरेज उघडलं,
फरशीवरच्या जुन्या डागावर
ट्रे नेमका ठेवला, पायाने जरा सरकवला.
"चहा होईपर्यंत लाव तिला इथे.
गळते ती."