आवक-जावक

नाशिकरोड सेंट्रल. आत येणाऱ्या, बाहेर जाणाऱ्या
पत्रांचं टेबल माझं.
साहेबांनी शब्दांची यादी दिली होती, टाइप केलेली, दीड पान,
खाली सही, सहीखाली तारीख नाही.
भूमिगत. पत्रक. सत्याग्रह. उपोषण. लोक.
आणि शंका येईल ते, असं तोंडी.

दीड पान महिन्याभरात पाठ झालं.
शंका काही संपली नाही.

बराक सहा, त्र्यंबक गायधनी, राहणार पळसे.
प्रेसमध्ये कागद मोजायचा.
शंभराची थप्पी, ओला अंगठा, डोळे मिटूनही चूक नाही.
संक्रांतीनंतर दुपारच्या पाळीला
गेटवर चार ओळींचं पत्रक वाटलं,
आणि मिसाखाली आमच्याकडे आला.
घरी लिहायचा ती निळी आंतर्देशीय पत्रंसुद्धा
तिथंच छापलेली.
कोण जाणे, त्यानंच मोजलेली असतील.

मी खोडलं:
सकाळचा भोंगा इथे ऐकू येतो, हात आपोआप उठतात.
मी खोडलं:
दारणेला पाणी आलं का?
मिरच्या वाळल्या असतील तर गच्चीवरून उचलून ठेव,
यात मला बैठक दिसली.
असा मी वाचायला शिकलो.
मॅट्रिकला मराठीत पस्तीस होते मला.

कौसल्याची पत्रं दुसऱ्याच्या हातची,
शाळेतल्या पोराचं अक्षर, काना-मात्रा जपून दिलेल्या.
श्रावणात तिनं कळवलं, मुलगी झाली. नाव कळवा.
त्यानं कळवलं.
मुलीचं नाव जना ठेव.

वीज गेली होती. बनियन पाठीला चिकटलेलं.
जना.
जन. जन म्हणजे लोक.
लोक यादीत होता, पाचवा.
आधी रेघ मारली, मग दुसरी,
मग काडीला कापूस गुंडाळून शाईत बुडवला
आणि इतका फिरवला की कागद फुगला.
पत्र गेलं तसंच.
मुलीचं नाव, मग एक काळा चौकोन, मग ठेव.

मुलाखती तेव्हा बंद होत्या.
पुढच्या पत्रात त्यानं लिहिलं,
आजीचं नाव चालवलंस, बरं केलंस.
आई गेल्यावर तिनंच मला भाकरी भरवली.

तेही खोडलं.
नाहीतर आधीचं उघडं पडलं असतं.

मार्चात सुटले सगळे. फाटकाबाहेर हलगी, हार, पेढे,
आमचे शिपाईसुद्धा पेढे खात होते, मीही खाल्ला.
गायधनी माझ्यासमोरून गेला, हातात वळकटी.
त्यानं मला कधी पाहिलंच नव्हतं.
मी त्याला पाहिलं होतं असं म्हणायचं तर
फक्त अक्षर. त्याचा ज किंचित डावीकडे कलायचा.
घरी गेल्यावर
सात महिन्यांच्या पोरीला त्यानं त्या नावानं हाक मारली असेल
आणि तिनं वर पाहिलं नसेल.
इथपर्यंत विचार येतो, मग मी कूस बदलतो.

ती यादी परत मागायला कोणी आलं नाही.
अजून घरात आहे, रेशनकार्डाच्या पिशवीत.

आता पोस्टात काउंटर दोनवर बसते ती.
छातीवर पट्टी: सं. त्र्यं. गायधनी.
सं म्हणजे संगीता, शेजारची तिला हाक मारते तेव्हा कळलं.
नोटा मोजते ओल्या अंगठ्यानं,
खाली न पाहता.
दर महिन्याला मी काउंटर एकची रांग सोडून
तिच्या रांगेत उभा राहतो, गुडघा दुखत असला तरी.

या महिन्यात पैसे हातात आले आणि तोंडातून निघालं.
फार हळू. जना.

'काही म्हणालात, आजोबा?'

मागचा माणूस पासबुकानं पाठ टोचत होता.
नाही, म्हटलं मी,
आणि नोटा न मोजताच खिशात घातल्या.