पाचव्या पायरीवर

ओउलू, जानेवारी. दुपारी तीनलाच काळोख.
इमारतीच्या तळघरात, धुलाईयंत्रांच्या भिंतीपलीकडे
आम्ही पाच जण, कॉफीचा थर्मास,
रेडिएटरवर वाळत घातलेले नऊ हातमोजे.
दहावा योउकोचा. कुठे पडला, त्यालाही ठाऊक नाही.

आज आम्ही चौघं पाचव्या पायरीवर चढलो.
प्रत्येकाला एक नवी सिद्धी,
आणि नियमांचं पुस्तक एकच.

हिल्काने आगीचा लोळ घेतला, पान न बघताच.
आठ फासे, म्हणाली, आठ!
आणि कागदाला भोक पडेस्तोवर लिहिलं.
राइलीने जखमा सांधणारा हात.
मी मांजराचे डोळे. चोराला शोभतात,
खरं तर दुसरं काही सुचलंच नाही.

योउको पानं उलटत राहिला.
बर्फ उपसणाऱ्या गाडीवर ड्रायव्हर आहे, एकोणीस वर्षं.
शेवटी कुठल्याशा पानाच्या तळाशी
बारीक टायपातल्या ओळीवर त्याचं बोट थांबलं:
पाऊल पाहून सांगता येईल,
चालणाऱ्याच्या मनात परतायचं होतं की नव्हतं.

"याने मरतं कोण?" हिल्का.
"कोणी नाही."
"मग?"
त्याने पेन्सिलीला टोक काढलं.

गुहेच्या तोंडाशी पोचलो तेव्हा
हिल्काच्या मुठीत फासे खुळखुळत होते.
थांबा, योउको म्हणाला, राक्षसाची पावलं बघू दे.

सांप्साने पडद्याआड कागद चाळले.
हे त्याने लिहून आणलेलं नव्हतं.
भिंतीपलीकडे कुणाचे तरी कपडे गरगरत राहिले.
"नव्हतं," तो म्हणाला. "परतायचं नव्हतं.
चूल विझवून गेलाय. वाडगं पालथं घालून."

आत अंथरुणाची घडी होती.
खजिनाही होता, तो बराच वेळ कुणी मोजला नाही.

"बरोबर पिल्लू होतं का?" राइलीने विचारलं.
"ती सिद्धी तुझी नाही," सांप्सा म्हणाला.
योउकोने फासा टाकला. सतरा.
"होतं. कधी पुढे पळायचं, कधी कडेवर."
हिल्काने आठही फासे डबीत ठेवले,
एकेक करून, आवाज न करता.

रात्री दहाला वर आलो तर अंगण नवं पांढरं.
फाटकापर्यंत पाच जणांची पावलं उमटली.
मी वळून पाहिलं. योउकोने नाही.
उघडा हात खिशात कोंबून
तो दुसऱ्याने सायकलचं कुलूप काढत होता.
पहाटे चारची पाळी, म्हणाला,
या सगळ्यावरून नांगर फिरवायचाय.