वाढीव वेळ

तय्यबाचा अर्ज तीनदा परत आला.
एकदा शिक्का पुसट म्हणून,
एकदा टक्केवारी अक्षरी नाही म्हणून,
तिसऱ्यांदा का, ते मलाही कळलं नाही,
आणि मी परीक्षा विभागात सतरा वर्षं आहे.

लेखनिक खालच्या वर्गातला हवा.
हिंगोलीत मार्चात रिकामं कोण असतं?
शेवटी घुग्यांची रेणुका मिळाली,
अकरावीची, अक्षर टप्पोऱ्या ज्वारीसारखं.

खोली मिळाली खेळाच्या सामानाची.
फुटके कॅरम, हवा गेलेले व्हॉलीबॉल,
एक पंखा, तोही खडखडणारा.
मी तो बंद केला. ऐकू येणं महत्त्वाचं.
तिघंही घामाघूम.

दोन वाजता सगळं कॉलेज उठून गेलं.
धोंडिबा किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात,
"सायेब, आजून कामून?"
तासाला वीस मिनिटं, मी म्हणालो,
तीन तासांचा एक तास.
"आमच्या जेवनालाबी लावा की ह्यो हिशेब."

आत तय्यबा सांगत होती,
स्वल्पविरामसुद्धा उच्चारून.
मधेच एक सन चुकला.
रेणुकाचं पेन अडलं. तिला येत होतं.
तिनं माझ्याकडं बघितलं.
नियम सकाळी मीच वाचून दाखवलेला.
मी खिडकीतून कडुलिंब बघत राहिलो.
पेन पुन्हा चालू लागलं,
जे सांगितलं तेच लिहीत.

दहा मिनिटं उरली तेव्हा
तय्यबा म्हणाली,
"तिसऱ्या प्रश्नावर मागं जा गं.
तो सन...
थांब. थांब जरा."

दारातला जुडगासुद्धा थांबला.