रॅम्प बनवून मिळणार नाही

तिघं जण आले, भर दुपारी, केळीचे ट्रक गेल्यावर
जेव्हा सावद्याच्या रस्त्यावर डांबरसुद्धा पेंगतं.
लुनाचं धड, स्कूटरचं चाक, फवारणीच्या पंपाचं इंजिन,
आणि मोबाइलात कुठलासा परका पोरगा,
उडालेला, हवेतच थांबवून ठेवलेला.
"काका, एवढा रॅम्प मारून द्या. पाटचारी ओलांडायची.
फक्त आठ फूट."

फक्त.
या शब्दाला मी तीस वर्षं ओळखतो.
सुपडूनं पण तोच वापरला होता:
फक्त घाट उतरायचा, भो. चढायचं कुठं आहे?

खिरोद्याच्या पुढं, पालचा घाट.
आमची गाडी म्हणजे विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवर,
बाजेची चौकट, मळणीयंत्राचे पट्टे,
भंगारातल्या जीपचे दोन डोळे, बल्ब नसलेले,
शोभेला.
ब्रेक?
"उतार संपला की थांबीन ना आपोआप. मले शिकवतो का?"
तो बारावी सायन्स. मी आठवी नापास,
पण वेल्ड माझा.

खोटं कशाला बोलू.
पहिल्या दोन वळणांत होतं तसं सुख पुन्हा मिळालं नाही,
लग्नात नाही,
पोरगी झाली तेव्हाही नाही, तेव्हा सोबत भीती होती.
सागाची झाडं कुणी मागं फेकल्यासारखी जात होती,
सुपडू पुढं ओरडत होता, मी मागं ओरडत होतो,
त्यात शब्द कुठलाच नव्हता.

तिसऱ्या वळणावर एक बाई, डोक्यावर मोळी,
मागं तीन बकऱ्या.
रस्ता दुसऱ्यांचाही असतो
हे आमच्या हिशेबात धरायचंच राहिलं होतं.
सुपडूनं हँडल वळवलं.
हँडल वळलं. चाक नाही वळलं.
मधला जोड माझा होता.

आपटल्याचा आवाज आठवत नाही. नंतरची शांतता आठवते,
आणि इंजिन, उलटं पडून एकटंच चालू,
टुक टुक टुक टुक,
जणू केळीला पाणी देतंय.
बाईनं मोळी टाकली, लुगडं फाडलं, पाय बांधला,
एकदाही "मेल्यांनो" म्हणाली नाही.
ते अजून सलतं.

डाव्या पायाला सुपडूच्या आता लोखंड लागतं.
कॅलिपर मीच बनवतो, जळगावचा त्याला टोचायचा.
पट्ट्या घासून गुळगुळीत करतो, जोड तीनदा तपासतो.
तो बाकावर बसून बघतो, म्हणतो,
"तव्हा तपासला असता तर, भो?"
आणि हसतो.
मी चहा सांगायला उठतो.

हे सगळं पोरांना सांगितलं, हातवारे करून.
त्यातलं बारकं, कानात बाळी घातलेलं,
फार मन लावून ऐकत होतं.
संपल्यावर म्हणालं,
"काका, स्पीड किती असेल?"

पाइप ठेवून जा, म्हणालो. बघतो.
बघणार नाही. पाटीवर खडूनं लिहिलंसुद्धा:
रॅम्प बनवून मिळणार नाही.
मशीनचा फ्यूज काढून खिशात घातला, शटर अर्धं ओढलं.
पाइप मात्र चांगला आहे, दोन इंची, हेवी,
आणि माझ्या डोक्यात, बसल्या जागी,
साला, अँगल किती ठेवावा
त्याचा हिशेब सुरू.