धोटा

फॉर्मवर 'मालकाचं नाव' असा रकाना.
चाळीस वर्षं मालक दुसराच कुणीतरी,
मी आपला चार लूमवर उभा.
पेन धरून जरा थांबलो,
मग लिहिलं, राजमल्लू गुर्रम, नीलमनगर.
खाली बारीक अक्षरात:
भुलीत धोका असतो, हे मला समजावून सांगितलं आहे.
सही केली.

धोटा अकरा वर्षांचा.
दारापासून मोरीपर्यंत, मोरीपासून दारापर्यंत
पिल्लू असताना असा पळायचा, म्हणून हे नाव.
आता पोटाखाली लिंबाएवढी गाठ.
रात्रीपासून उपाशी ठेवा, सांगितलं होतं,
भरल्या पोटी उलटी श्वासात जाते.
पहाटे तो भाकरीच्या टोपलीपाशी बसला
आणि टोपलीकडे नाही, माझ्याकडे बघत राहिला.
मीही चहा घेतला नाही.
त्याला ते कळलं नसावं.

आधी मांडीत एक सुई.
"ही भीती उतरवायची," डॉक्टर तस्नीम बागवान म्हणाल्या.
शेपूट हळूहळू फरशीला टेकली,
डोळ्यांत आतली पापणी अर्ध्यावर आली.
पुढच्या पायाचे केस मशीनने काढले,
खाली गुलाबी कातडी,
अकरा वर्षांत मी न पाहिलेली.
तिथल्या शिरेत दुधासारखं पांढरं औषध,
साडेअठरा किलोच्या हिशेबानं, थांबत थांबत.
मी "धोट्या" म्हणायला लागलो.
'धो' त्यानं ऐकला.
'ट्या' येईपर्यंत मान माझ्या तळहातावर होती,
इतकी जड.

मग घशात नळी, नळीतून वारा आणि भूल.
जिभेला चिमटा, वाळत घातलेल्या कपड्याला असतो तसा,
त्यातून आकडे निघून पडद्यावर.
डोळे उघडेच, म्हणून त्यांत मलम.
"झोपला?" मी विचारलं.
"झोप नव्हे, काका. झोपलेला हाकेला उठतो."
"मग दुखणं?"
"त्याचं औषध वेगळं दिलंय. तरी कापलं की आतून खबर निघते थोडी.
पण वर ती कुणी कुणाला सांगत नाही."

हे मला लगेच पटलं.
शेडमध्ये आम्ही असेच होतो की.
शंभर माग एकदम चालू,
समोरच्याचं तोंड हलतंय, दात दिसतायत,
शब्द मात्र येत नाही.
चंद्रय्याचं बोट पट्ट्यात गेलं तेव्हा
तो ओरडत होता, आणि मी
तो हसतोय समजून हसलो होतो.

मला बाहेर बसवलं.
रस्त्यावर मे महिना, डांबर मऊ,
आणि काचेआड त्याच्या अंगाखाली गरम पाण्याच्या पिशव्या.
भुलीत अंग थंड पडतं म्हणे.
मी पिशवीतून आमचीच चादर काढून दिली,
किनारीला एक धागा चुकलेली,
विकली न गेलेली.
नर्सनं ती घेतली, पांघरली.
मग मी नुसता पिशवी बघत बसलो. फुगते, बसते.
एकदा बसली आणि फुगायला उशीर झाला.
डॉक्टरांनी हातानं दाबली, बोलणं न थांबवता.
माझ्या मुठी अजून वळलेल्या आहेत.

गाठी मी जन्मभर मारल्या.
धागा तुटला की दोन बोटांत, बघायचंही नाही.
सोडवायला कुणी शिकवलं नाही.

गॅस बंद करूनही तो आला नाही लगेच.
मग त्यानं गिळलं,
आणि "आला," म्हणत नळी काढली.
भिंतीकडे तोंड करून रडत राहिला बराच वेळ,
माझ्या वासालाही ओळख दिली नाही.
"तो रडतोय हे त्यालाच माहीत नाही," म्हणाल्या.
मला माहीत होतं, त्याचं काय करायचं?

संध्याकाळी रिक्षातून घरी.
पाय दारूड्यासारखे, एक इकडे, एक तिकडे.
आमचा दिवस दुपारभर ताणलेला,
त्याच्या दिवसात मात्र नुसती एक आडवी फट,
अलीकडचा धागा पलीकडच्याला लागून.
कारण उंबरा ओलांडला आणि तो
सरळ टोपलीपाशी जाऊन बसला,
माझ्याकडे वळून,
सकाळचाच राग डोळ्यांत घेऊन.