वुडर

नोव्हेंबरात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं
आणि जाताना शब्द घेऊन गेलं.
लेनर्ड शिमान्स्की, वय एकाहत्तर,
फिलाडेल्फियाच्या पाणी खात्यात चौतीस वर्षं.
माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्याजवळ
बहिणीचं नाव शिल्लक होतं, आणि एक शिवी.
शिवी अगदी स्वच्छ.

मी टेबलावर कार्डं मांडते.
कुत्रा. खुर्ची. पेला, त्यात निळं.
हे काय?
ते पेल्याकडे बघत राहतात,
उसने पैसे बुडवलेला माणूस
अचानक समोर यावा, तसे.

मी तोंड करून दाखवते. वॉ. जबडा खाली. वॉ—टर.
आरशात दोघांचे जबडे उघडे,
त्यांचा जरा वाकडा.
असे तीन आठवडे.
कोपऱ्यात बर्निस, त्यांची बहीण,
कोट न काढता विणत बसलेली.

चौथ्या आठवड्यात, मंगळवारी,
रेडिएटरच्या नळीत काहीतरी ठणठणलं.
त्यांनी मान वळवली. कान दिला.
म्हणाले,
"वुडर."

मी पेन उचललं.
फॉर्मवर दोनच चौकोन असतात.
स्वर आखडलेला, टचा ड झालेला,
मी चूकवर खूण केली, आणि गोड आवाजात म्हटलं,
"जवळपास आलात हं. पुन्हा. वॉ—"

सुया थांबल्या.
"जवळपास?" बर्निस म्हणाली.
"अगं पोरी, पोचलाय तो.
आमची आई वुडर म्हणायची.
ॲलेगेनी ॲव्हेन्यूवरचा पाद्री आमच्या डोक्यावर
वुडरच शिंपडायचा, मंतरलेलं.
साहेबानं ह्याला विचारलं, कुठलं खातं हवं?
हा म्हणाला वुडर,
आणि साहेबानं ते तसंच ऐकलं."

मी मिनेसोटाची.
माझ्या गावात बॅगेला बेग म्हणतात,
हे मला कॉलेजात कळलं,
एका मुलीनं चारचौघांत तीनदा म्हणायला लावलं तेव्हा.
त्या रात्री वसतिगृहाच्या न्हाणीघरात
दिवा न लावता मी ॲ घोटला.
मग जबड्यांचंच शिक्षण घेतलं, पदवी मिळाली.
माझी बेग कुठल्या बसस्टँडवर राहिली
ते काही आठवत नाही.

बर्निस बोलतच होती.
रात्री दोनला, ट्रक थांबले की,
हा लोखंडी कांब रस्त्याला टेकवायचा,
दुसरं टोक कानाला.
कुठे पाणी मुरतंय ते ह्याला वरून कळायचं.
नकाशे चुकायचे. एकदा एका इंजिनिअरनं
भलतीकडेच खणायला लावलं,
दोन दिवस कोरडी माती.
हा बाजूला उभा राहून कॉफी प्यायला.

मी कार्ड पुन्हा पुढे सरकवलं.
"वुडर," ते म्हणाले.
आणि थोड्या वेळानं, कुणी विचारलं नसताना,
पुन्हा एकदा, हळूच,
नळाला अजून येतंय का ते बघावं तसं.

फॉर्मवर खाडाखोड केली तर शेजारी सही लागते.
केली.

वेळ संपली. ते काठी टेकत दारापर्यंत गेले,
आणि माझं लक्ष खुर्चीखाली गेलं.
"अहो, तुमची बेग राहिली."
तोंडातून निघून गेलं. बावीस वर्षांनी.

ते वळले. माझ्या ओठांकडे बघितलं,
जसं बघायला मीच शिकवलं होतं.
"बेग," ते म्हणाले.
"बॅग, लेनी," बर्निस म्हणाली. "बॅग."
त्यांनी मान हलवली. नाही.
"बेग."

दुसरा शब्द.
कुठल्या चौकोनात घालावा
ते मी अजून ठरवते आहे.