घडीची पायरी

गाडी मीच उचलली, चार इंच.
होआनिबच्या कोरड्या पात्रातले गोटे
पोटाला लागू नयेत म्हणून.
टायरही थोरले घातले.
गाओसेब पाना पुसत म्हणाला,
आता हत्तींनाही मान वर करावी लागणार.
त्या दिवशी दोघंही खूश होतो.

मग रविवारी आई आली.

अंगावर बारा वार कापडाचा झगा,
आत सहा परकर,
डोक्यावर गाईच्या शिंगांसारखं आडवं, ताठ बांधलेलं फडकं.
तिनं दाराकडे पाहिलं. मग जमिनीकडे.
मग माझ्याकडे.
मी धावत जाऊन सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट आणला,
उलटा टाकला.
लाल प्लॅस्टिक करकरलं, ती चढली,
आणि क्रेट राहिला तिथंच, सेस्फोन्टेनच्या धुळीत.
उतरायच्या वेळी आठवला.
मी तिला उचलून खाली घेतलं
अख्ख्या चर्चसमोर.
पुढे महिनाभर म्हणत होती,
गुडघा दुखतो रे, मी घरीच बरी.

पायरी हवी.
कायमची लावावी तर पहिल्या खडकावर वाकणार.
वेमुनानं लावली होती तसली, जाड नळीची.
ती आता दाराला अशी चिकटलीय
की त्याची बायको खिडकीतून चढते.
म्हणजे घडीची.
हवी तेव्हा पायाशी, नको तेव्हा पोटाशी.

ओत्जिवारोंगोला हेनिंगनं तीन मांडल्या काउंटरवर.
एक विजेची. दार उघडलं की आपसूक उतरते,
मांजर घुरघुरावं एवढाच आवाज.
किंमत एक कालवड, वर थोडे सुटे.
मी विचारलं, धूळ?
तो म्हणाला, सील आहे.
मी म्हटलं, ऑगस्टमधली? आमच्याकडची?
तो दुसरीकडे वळला.

दुसरी पट्ट्यांवर टांगलेली फळी.
हलकी, स्वस्त, पाय ठेवला की झुलते.
झोपाळ्याचं वय गेलं आईचं.

तिसरी साधी. लोखंड, एक बिजागरी, एक स्प्रिंग.
पायानं दाबायची, पायानंच लोटायची,
वर गेली की खट्.
पत्रा दातेरी, पाय घसरू नये म्हणून.
त्या दातांवरून मी बोट फिरवलं
आणि मला झालर दिसली,
कंदिलाशी बसून तिनं टाके घातलेली,
त्या दातांत अडकलेली, फाटत चाललेली.
घोळ तिच्या झग्याचा,
पण पडला माझ्या डोक्यात.

हेनिंग म्हणाला, म्हातारीला पँट शिवा.
मी हसलो नाही.
तो थोडा वेळ गप्प राहिला, मग खण उघडला,
जाड रबराचा तुकडा मापानं कापून पत्र्यावर बसवला.
त्याचे पैसे लावले नाहीत.

उंची किती ठेवायची, गाओसेबनं विचारलं.
आईला कसं विचारणार,
तुझा गुडघा आता कुठवर वर येतो म्हणून?
संध्याकाळी टेप घेऊन गुरांच्या कुंपणाशी गेलो.
फाटकातलं खालचं लाकूड,
जे ती रोज पहाटे चरवी घेऊन ओलांडते,
ते मोजलं.
अठ्ठावीस सेंटीमीटर.
एका गाईनं सगळं पाहिलं.

रविवारी आईनं पायरी पाहिली,
बुटाच्या टोकानं दोनदा दाबली,
बाजारात कलिंगड दाबतात तशी.
चढली.
परकर एकेक आवरून घेतले.
म्हणाली, तुझी पणजी बैलावर बसायची,
बैलाला कुणी पायरी लावली नव्हती.
मी म्हटलं, बैल खाली बसत असेल.
ती म्हणाली, तिच्यापुढे बसायचाच.

या बोलण्यात पायरी लोटायची राहिली.
नदीत उतरताच पहिला गोटा लागला: ठण्.
काय रे ते?
स्प्रिंग होती. पायरी स्वतःच मागं सरली, वर गेली.
काही नाही, मी म्हटलं,
तिला तिची पायरी कळली.

आई खिडकीबाहेर पाहत होती.
पलीकडच्या काठावर बाभळींखाली हत्ती होते, चार का पाच.
मान कुणी वर केली नाही.